पावणेसहाचा निरोप

मुरलीधर गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. ती मलाच द्यायला जायचं होतं. दुपारी तीनच्या सुमाराला आमच्या डिझाइन खात्यात तो खुर्चीवरून खाली घसरला, रिक्षात घालून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं, आणि कागदांवर सह्या झाल्यावर शेठ मला म्हणाले, घरी तू जा, तू त्याचा जुना दोस्त. पर्वत पाटियाहून लिंबायतला जाईपर्यंत स्कूटरवर मी एकच वाक्य जुळवत होतो आणि ते काही जुळत नव्हतं. दार उघडंच होतं. वहिनी भिंतीला टेकून तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी उंबऱ्यात उभा राहिलो, तोंड उघडणार, तेवढ्यात कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरमधून एक बारीक 'टीं' आला. वहिनी ताट बाजूला सारून उठल्या, पडद्यावरच्या चौकटीतली अक्षरं त्यांनी बोट ठेवून वाचली आणि हसून माझ्याकडे वळल्या. "बसा भाऊ. आत्तेच निंघनात त्या." मग त्या आत गेल्या आणि स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. मी घड्याळात पाहिलं, पावणेसहा. चौकटीत इंग्रजी अक्षरांत अहिराणी लिहिलेली होती, 'निंघनू. च्या ठेव.' आणि वर, निरोप कुणाकडून, तर 'ऑफिस'. ज्याच्या अंगावर पांढरी चादर ओढून मी तासाभरापूर्वी निघालो होतो, तो घरी यायला निघाला होता… पातेल्यातलं पाणी उकळायला लागलं तेव्हा मी सांगितलं.

या गोष्टीला आता दोन महिने होत आले. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातला नव्हे. गळ्यात ताईत बांधणाऱ्या माणसाची मी आयुष्यभर टर उडवली आहे. आणि त्या 'टीं'चं रहस्य तर मला पहिल्यापासून ठाऊक होतं, म्हणजे तसा माझा समज होता. तरीही त्या दिवशी उंबऱ्यात माझे पाय गार पडले, हे कबूल करतो.

मुरली आणि मी एकाच वर्षी सुरतेतल्या त्या साड्या छापणाऱ्या प्रोसेसिंग हाउसमध्ये लागलो. तो अमळनेरकडचा, मी नाशिकचा. दोघेही तेव्हा ट्रेसर, म्हणजे साडीच्या पदरावरची कोयरी पारदर्शक फिल्मवर हातानं गिरवणारे. मी गिरवताना गाणी म्हणायचो, आणि तो फक्त श्वास घ्यायचा, तोही हळू. शिस्त ही त्याची खरी देवी. प्लेगच्या वर्षी अर्धी लिंबायत मिळेल त्या गाडीनं गावाकडे पळाली. मीही पळालो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मुरली मात्र राहिला, कारण खात्याच्या कपाटाच्या किल्ल्या त्याच्याकडे होत्या आणि किल्ल्या घेऊन जायची परवानगी कुणी दिली नव्हती. परत आल्यावर मी म्हटलं, अरे वेड्या, प्लेग काय किल्ल्या मागायला येणार होता? तो म्हणाला, "किल्ली ज्याच्याकडे, घर त्याच्याकडे. बाकीच्यांनी उद्या कोणाला विचारायचं?" त्यावर मी त्याला महिनाभर किल्लीदार म्हणून चिडवलं.

पुढे खात्यात कॉम्प्युटर आले आणि हा किल्लीदार माणूस आपल्या खऱ्या घरी पोचला. एनटी म्हणून जी प्रणाली त्यावर असते, तिच्यात प्रत्येक माणसाचं वेगळं खातं असतं, प्रत्येकाला नाव आणि पासवर्ड, आणि कुणी काय उघडावं, काय पुसावं, कशाला हात लावू नये हे सगळं ठरवणारा एक मुख्य. त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणतात. ते वाचल्यापासून मुरलीच्या तोंडावर जे तेज आलं ते मी त्याच्या मुलीच्या जन्माच्या वेळीही पाहिलं नव्हतं. खात्यातला जुना कॉम्प्युटर शेठनी काढला तो यानं घरी नेला. बाहेरची डिझाइनं घरी करायची आणि मुलीला, उज्ज्वलेलाही शिकवायचं, असा बेत होता. पण सगळ्यात आधी त्यानं घरादाराची खाती काढली. माणसं तीन आणि खाती पाच! उज्ज्वलेला डिझाइनं करायची मुभा, पण पुसायची नाही. वहिनींना फक्त बघायची. घड्याळाची वेळ बदलायची मुभा कुणालाच नाही. माझ्यासाठीही त्यानं 'पाहुणा' नावाचं खातं काढलं होतं. त्यातून सगळं दिसायचं, पण कशालाही हात लावला की परवानगी नाही म्हणून पाटी यायची. मी शिव्या घातल्या की म्हणायचा, पाहुण्यानं बघावं, चहा प्यावा, घरी जावं.

मुख्य खात्याचं मूळ नाव त्यानं बदललं होतं. पुस्तकात तसं सांगितलेलंच असतं, चोराला नावच माहीत नसलं तर तो पासवर्ड कशाचा शोधणार? त्यानं तिथं स्वतःचं नाव घातलं. आणि पासवर्ड वहिनींना सांगून ठेवला. मला हे सांगताना तो इतका हसला होता की त्याच्या हातातला चहा सांडला. म्हणाला, अर्धी किल्ली तिच्याजवळ आहे आणि उरलेली अर्धी ती जन्मात वापरायची नाही. कारण वहिनींनी लग्नाच्या दिवशी उखाण्यात जे एकदा घेतलं, त्यानंतर त्याचं नाव तोंडानं घेतलेलं नाही, कधी कागदावरही लिहिलेलं नाही. रेशनच्या फॉर्मवर शेजारीण लिहून द्यायची. चोराला उघडता येणार नाही असं कुलूप त्यानं बायकोच्या रीतीचं केलं होतं, आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता.

आता त्या निरोपाचं. त्या प्रणालीत एक यादी असते. अमुक वाजता अमुक कर, असं एकदा त्या यादीत लिहून ठेवलं की यंत्र रोज ते करतं. खातं उघडलेलं असो नसो, यंत्र चालू असलं म्हणजे झालं. ही यादी फक्त मुख्याला दिसते आणि मुख्यालाच बदलता येते. मुरलीनं त्यात पावणेसहाचा तो निरोप लिहून ठेवला, आणि निरोप कुणाकडून आला ते चौकटीत दिसतं म्हणून घरच्या यंत्राचं नावच ठेवलं 'ऑफिस'. वहिनींना सांगितलं की ऑफिसातलं यंत्र आणि घरातलं यंत्र भाऊ-भाऊ आहेत, एकमेकांशी बोलतात. घरात टेलिफोनची तार नव्हती, पण टीव्हीतली माणसं तरी कुठल्या तारेनं येतात? वहिनींनी विश्वास ठेवला. रोज पावणेसहाला हा माणूस काम थांबवून आपली आठवण काढतो, दोन शब्द टाइप करतो आणि मग सायकल काढतो, असं त्यांना दोन वर्षं वाटत होतं. त्या चहा ठेवायच्या, सव्वासहाला तो यायचा. पर्वत पाटियाच्या गर्दीत अडकला तर त्याच्या कपावर बशी झाकून ठेवायच्या. मी या गंमतीत सामील होतो. एकदा त्यांनी मला विचारलंही होतं, खरंच ऑफिसातून येतो का हो? मी म्हटलं, माझ्यासमोर टाइप करतो, वहिनी. किती सहज बोलून गेलो…

तेरा दिवस यंत्रावर चादर होती. चौदाव्या दिवशी उज्ज्वलेनं ती काढली, कारण बापाच्या हातातलं अर्धं राहिलेलं काम पुरं करायचं होतं. घर आता त्यावरच चालायचं होतं. आणि पावणेसहाला 'टीं' झाला. निंघनू, च्या ठेव. उज्ज्वला किंचाळली म्हणे, आणि वहिनी उठून आत गेल्या नि त्यांनी आधण ठेवलं. दुसऱ्या दिवशीही तेच, आणि तिसऱ्या दिवशीही. आठवड्याभरानं ती पोरगी माझ्याकडे खात्यात आली. सुरतेतच वाढलेली, निम्मं गुजरातीत बोलते. "काका, आ बंध करी आपो ने," हे बंद करून द्या ना, म्हणाली आणि रडायलाच लागली. आई रोज तीन कप मांडते. सव्वासहापर्यंत दाराकडे बघत बसते. मग तिसरा कप ओतून देते. यंत्र बंद ठेवावं तर काम कसं करायचं? शेठनं नमुने छापायला रंगीत प्रिंटर दिलाय, तोही बसत नाही, कारण मुख्याच्या परवानगीशिवाय यंत्र त्याला घरात घेत नाही. सगळं पुसून नवं घालावं तर बापाची सगळी डिझाइनं जातील. बाप गेला आणि घराच्या किल्ल्या बरोबर घेऊन गेला.

मी गेलो, 'पाहुणा' म्हणून आत शिरलो आणि जे व्हायचं तेच झालं. परवानगी नाही. मग मुख्याच्या नावाच्या जागी मुरलीचं नाव घातलं आणि पासवर्ड म्हणून गावाचं, कुलदैवताचं, उज्ज्वलेचं, सायकलच्या कंपनीचंसुद्धा नाव घालून पाहिलं. मागे वहिनी उभ्या होत्या. मी विचारलं, वहिनी, त्यानं तुम्हांला एक शब्द सांगून ठेवला होता ना? त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाल्या, आठवत नाही. मला कळलं की त्यांना आठवतंय. आणि त्यांनी तो सांगू नये असं मलाही मनातून वाटत होतं. कारण यादी उघडली की मला खरं सांगावं लागणार, की वहिनी, हे यंत्र आपलं आपण करतंय. म्हणजे आता तर तो निरोप धाडत नाहीच, पण जिवंत होता तेव्हाही धाडत नव्हता. गेलेल्या माणसाला पुन्हा एकदा, मागल्या दोन वर्षांसकट, नेण्याचं काम माझ्याकडून होणार नव्हतं. पावणेसहा वाजायच्या आत मी काहीतरी निमित्त काढून उठलो.

चौथ्या आठवड्यात ते झालं. यंत्र सुरू केलं की आत शिरण्याच्या चौकटीत शेवटी जो आला होता त्याचं नाव आपोआप लिहिलेलं असतं. रोज उज्ज्वलेचं असायचं, कारण वापरणारी तीच. त्या दिवशी ती दुपारी क्लासहून आली, यंत्र सुरू केलं, तर चौकटीत बापाचं नाव. पूर्ण नाव, त्याच्याच पद्धतीनं सगळी मोठी अक्षरं. नुसतं नाव कुणीही टाइप करील, पण पासवर्ड बरोबर पडून आत गेल्याशिवाय ते तिथं राहत नाही. म्हणजे मधल्या वेळात मुरलीधर आपल्या खात्यात येऊन गेला होता. उज्ज्वला दप्तर तिथंच टाकून कोसाडला मावशीकडे निघून गेली आणि तिथून तिनं मला फोन केला, काका, मी त्या घरात पाय ठेवणार नाही. मी पोचलो तेव्हा ऊन अजून अंगणात होतं, शेजारच्या खोलीतले लूम खडखडत होते, दिवसाढवळ्याची वेळ. तरी त्या निळसर पडद्यावरचं नाव पाहून मी उंबऱ्यातच थांबलो. बाजूला लुकलुकणारी रेघ पासवर्डची वाट बघत होती.

वहिनी खाटेवर बसल्या होत्या. मी काही विचारायच्या आधीच त्या बोलल्या. एरवी माझ्याशी त्या मराठी बोलत, पण मन हललं की अहिराणीच यायची.

"मीच लिखं, भाऊ. नाव लिधं ते आयुष्य कमी व्हस म्हंतस… आते काय कमी व्हई?"

सकाळी उज्ज्वला गेल्यावर त्या यंत्रापुढे बसल्या होत्या. एकेक अक्षर शोधत, एका बोटानं, बावीस वर्षांत न लिहिलेलं नाव त्यांनी लिहिलं. मग तो शब्द. तो त्यांच्या माहेरचा होता, लग्नात बदललेलं त्यांचं पहिलं नाव, जे सुरतेत एकट्या मुरलीला ठाऊक होतं. ते नाव काय हे मला आजही माहीत नाही, पडद्यावर नुसत्या चांदण्या उमटतात. आत काय दिसलं, मी विचारलं. त्या म्हणाल्या, काही कळलं नाही, कुठं आपल्यासाठी काही लिहून ठेवलंय का बघायचं होतं. कप्पे उघडले, सगळीकडे कोयऱ्याच. मग बंद केलं.

आता सांगायलाच हवं होतं. मी म्हटलं, वहिनी, तो निरोप आहे ना… आणि त्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांना माहीत होतं. मागच्या दिवाळीनंतर मुरलीला ताप आला होता आणि तो दुपारीच घरी आला होता, तेव्हापासून माहीत होतं. तो याच खाटेवर पडून होता, त्या उशाशी बसल्या होत्या आणि पावणेसहाला यंत्रानं 'टीं' केला. निंघनू, च्या ठेव. वहिनींनी पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. त्यानं डोळे मिटून घेतले होते. "माले वाटनं, आते बोलसू ते लाजतीन. मी उठनी आनि आधन ठिवं." मी आता बोलले तर त्यांना लाज वाटेल, एवढाच विचार त्यांनी केला होता. त्यानंतरही वर्षभर रोज त्या चौकट वाचून 'निंघनात' म्हणायच्या आणि तो घरी आल्यावर 'मिळाला का निरोप?' विचारायचा. दोघांनीही कधी तो विषय काढला नाही. आणि मी शहाणा, इतके दिवस त्यांना सत्यापासून वाचवत फिरत होतो.

"पोर घर सोडी गयी," त्या म्हणाल्या. "काढी टाकूत."

त्या पुन्हा यंत्रापुढे बसल्या. नाव होतंच, खालचा शब्द त्यांनी घातला. मी मान वळवून घेतली. मग मी यादी उघडली. एकच ओळ होती. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, पावणेसहा, आणि तो निरोप. मी वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, रविवार नाही का? मी म्हटलं, नाही. त्यांनी मान हलवली, रविवारी तर घरीच असायचे. पुसायचं का, असं यंत्रानं विचारलं, आणि 'हो'ची कळ कुठली ते मी दाखवल्यावर ती वहिनींनी स्वतः दाबली. त्यानंतर मी प्रिंटर बसवला. उज्ज्वलेला सगळ्या परवानग्या दिल्या, पुसायचीसुद्धा. त्या दिवशी पावणेसहाला घरात कसलाही आवाज झाला नाही. वहिनी सुपारी कातरत बसल्या होत्या. हात थांबला, परत सुरू झाला. मला चहा सहा वाजून गेल्यावर मिळाला. दोनच कप होते.

उज्ज्वला परत आली. काम जोरात सुरू झालं. खात्यात मुरलीच्या खुर्चीवर नवा माणूस आला आहे, तो गिरवताना गाणी म्हणतो आणि मला ते सहन होत नाही. माणसाची सवय किती खोल जाते ते असं कळतं. पावणेसहा वाजले की मी अजूनही शेजारच्या टेबलाकडे बघतो, सायकलची किल्ली उचलल्याचा आवाज यायचा म्हणून.

परवाच्या शनिवारी मी लिंबायतला गेलो होतो. उज्ज्वला यंत्रापाशी होती, प्रिंटरमधून लाल पदराचा नमुना इंच-इंच बाहेर येत होता, आणि वहिनी मला गावच्या वांग्यांबद्दल सांगत होत्या. भरीत करायची वांगी सुरतेत मिळत नाहीत, दिसतात तशी पण आत बियाच फार, असं काहीसं. बोलता बोलता, वाक्याच्या मध्येच, त्या उठल्या आणि आत गेल्या. स्टोव्ह पेटला. मी घड्याळात पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती, कारण तो बारीक 'टीं' मीही ऐकला होता. उज्ज्वलेचा हात माउसवर थबकला होता. पडद्यावर तिच्या कोयरीशिवाय काहीही नव्हतं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहायचं टाळलं. प्रिंटरचा असेल, मी स्वतःला सांगितलं. प्रिंटरही आवाज करतात.

तरी मी आतल्या दाराशी जाऊन वहिनींना म्हटलं, जरा मुख्याचं खातं उघडून द्या, प्रिंटरचं एक बघायचंय. त्या पदराला हात पुसत आल्या. आता नाव लिहिताना बोट अक्षरं शोधत नव्हतं. मी यादी उघडली. यादीत एकही नोंद नाही, असं यंत्रानं सांगितलं. मी बंद करून पुन्हा उघडली. एकही नोंद नाही.

"काय शे त्यामा, भाऊ?"

"काही नाही, वहिनी," मी म्हटलं. "सगळं ठीक आहे."

त्यांनी चहा आणला. चार कप होते. तीन आम्ही उचलले. चौथा त्यांनी कॉम्प्युटरच्या टेबलावर, तो बसायचा त्या बाजूला ठेवला आणि वर बशी झाकली. उज्ज्वला नमुन्यातला रंग बघत राहिली. सव्वासहा झाले, साडेसहा झाले. बाहेर लूमची पाळी बदलली. मी जायला उठलो, आणि जाता जाता आपलं काहीतरी करावं म्हणून तो कप मोरीकडे न्यायला उचलला.

"ऱ्हाऊ द्या, भाऊ," वहिनी अगदी सहज म्हणाल्या. "या टाइमले रस्तावर गर्दी ऱ्हास."

मी कप होता तिथं परत ठेवला, आणि वरची बशी सरळ केली.